ठाऊक नाही म्हणणारी

माझी बायको म्युच्युअल फंडाची एजंट होती. कुपवाडच्या कारखान्यांतले कामगार सुट्टी झाली की आमच्या सांगलीच्या घरी येत. त्यांतल्या एका फिटरला मुलीच्या लग्नाचे पैसे शेअर बाजारात गुंतवायचे होते. लग्न वर्षावर आलेलं, म्हणून बायको नको म्हणाली. बँकेतच ठेवायला लावले. त्या वर्षी बाजार नेमका चढला.

"वहिनी, तुमचं ऐकून लय तोटा झाला बघा," पत्रिका द्यायला आल्यावर तो म्हणाला.

"चढेल की पडेल, मला तरी कुठं ठाऊक होतं?" ती हसली. "म्हणूनच नको म्हटलं."

ती वारल्यावर तो फिटर मला भेटायला आला. नुकताच निवृत्त झाला होता. आयुष्यभराची पुंजी दुप्पट करून देतो म्हणणारे दोघे त्याच्या घरी येऊन गेले होते.

"आवं, आता कुणाला विचारू?"

धीराचं काहीतरी बोलावं असं वाटलं, पण ते खोटं बोलणं झालं असतं. "मला यातलं काही कळत नाही," मी म्हणालो.

त्याने मान हलवली. "त्या दोघांस्नी मात्र सगळंच कळतंय," तो म्हणाला. "न्हाई द्यायचं त्यांला."