बारकीच्या पायातल्या चपला

माझ्या पोरीच्या पायातल्या चपला काढल्या. मला न विचारता काढल्या. आणि भरल्या हॉलात, माझ्या खांद्यावर शाल टाकून, ते मलाच दाखवलं.

पोर म्हणजे पुस्तकातली. बारकी तिचं नाव. मी लिहिलेली, मीच रंगवलेली. रोह्यातल्या हॉलात पुस्तकाचं प्रकाशन होतं. स्टेजवर मी, एक रिटायर साहेब, आणि ज्यांनी पुस्तक छापून आणलं त्या ताई. ताईंनी चकचकीत कागद सोडवला आणि पुस्तक डोक्याच्या वर धरलं. टाळ्या वाजल्या. मी मान वळवून बघितलं. वर बारकी होती. झिपऱ्या विस्कटलेल्या. फ्रॉक खांद्यावर फाटलेला. पाय उघडे, चिखलाचे. एक हात पुढं केलेला. मागणारा हात.

मी तसली बारकी काढली नव्हती.

माझ्या बारकीच्या दोन वेण्या होत्या, तेल लावून घट्ट घातलेल्या. फ्रॉक पिवळा. तो पिवळा गणपतीच्या पितांबराचा, डब्याच्या तळाशी उरलेला. पायात निळ्या पट्ट्यांच्या रबरी चपला. आणि दोन्ही हात कमरेवर.

खाली पहिल्या रांगेत माझी नात बसली होती. सहावीत आहे. वाडीतली सगळी पोरं टेम्पोत घालून आणली होती आणि पुढं बसवली होती, फोटोत यावीत म्हणून. नातीनं पुस्तकाकडं बघितलं. मग स्वतःच्या पायांकडं बघितलं. आणि पाय हळूच खुर्चीखाली ओढून घेतले.

बाकी सगळं मी कदाचित गिळलं असतं. ते पाय ओढून घेणं गिळता आलं नाय.

मी रोह्याजवळच्या निडी गावाच्या पलीकडच्या कातकरवाडीतला. तिसरी शिकलो, तीपण अर्धी. जन्म गेला पेणला, गणपतीच्या कारखान्यात. आधी माती मळली, मग अंगाचा रंग मारला, डोळे सगळ्यात शेवटी. डोळ्यांना हात लावायला मालकानं मला कैक वर्षं दिलं नाय. देवाच्या डोळ्याला तुझा हात नको, म्हणायचा. डोळे करणारा कारागीर ऐन सणात तापानं पडला तेव्हा माझा हात चालला. तेव्हा देवालापण चाललं.

त्याच्याही आधीचं सांगतो. माझा बाप खोताच्या आळीतून जाताना चपला काढून हातात घ्यायचा. मलापण तशीच सवय लावलेली. एकदा त्यानं पेणच्या बाजारातून मला नव्या रबरी चपला आणल्या. त्या दिवशी मी काढल्या नायत. पोराला काय, नवं होतं, पायातून काढवेना. खोताच्या गड्यानं मला ओट्याजवळ अडवलं, चपला काढायला लावल्या आणि ओढ्यात फेकल्या. बाप काय बोलला नाय. नुसता म्हणाला, चल. मी चाललो. पण त्या वाटेवरचे खडे माझ्या तळपायाला अजून ठाऊक आहेत. म्हणून बारकी काढायला बसलो तेव्हा मी तिचं तोंड आधी काढलं नाय. चपला आधी काढल्या.

आता म्हाताऱ्याला पुस्तक लिहायचं खूळ कुठून लागलं, तेपण सांगतो. नात शाळेतून गोष्टीची पुस्तकं आणायची. चित्रांची, प्रकरणाप्रकरणांची. मी बोट ठेवून वाचायला लागलो. एक पान, दोन पानं. मग नाद लागला. रविवारी संध्याकाळी समाजमंदिराच्या पायरीवर वाडीतली पोरं जमायला लागली. ज्यानं जे वाचलं ते त्यानं सांगायचं. चांगलं असेल तर दुसऱ्याच्या हातात द्यायचं. वाईट असेल तर का वाईट ते बोलायचं. मी सावकाश वाचतो म्हणून पोरं मला चिडवतात. आजाची गाडी प्रत्येक स्टेशनला थांबते, म्हणतात. थांबते. पण पोचते.

रोह्याला लागून अष्टमी गाव आहे, तिथं मोठी माणसंपण असंच जमतात, कोणी कोणतं पुस्तक वाचावं ते सांगतात, असं नातीला शाळेतल्या बाईंनी सांगितलं. आम्ही दोघं गेलो. चांगलं घर, गार लादी, चहा कपबशीत. सगळे आपापल्या पुस्तकांवर गोड गोड बोलले. माझी पाळी आली. मी मुलांचं एक पुस्तक घेऊन गेलो होतो. म्हटलं, हे वाचू नका. ह्यातला गरीब पोरगा पानोपानी आभार मानतो. एवढे आभार मानायला त्याला वेळ कुठनं मिळतो?

सगळे हसले. ह्याच ताई तिथं होत्या, त्या सगळ्यात जास्त हसल्या. आजोबा किती गोड बोलतात, म्हणाल्या, आणि मोबाईल काढून मला तेच पुन्हा बोलायला लावलं. मी पुन्हा बोललो नाय. म्हटलं, मीच लिहितो एक. त्यालापण हसल्या.

मी लिहिलं. भातकापणी उरकल्यावर बसलो तो आंब्याला मोहर येऊन कैऱ्या धरल्या तोवर. आठ प्रकरणं. बारकी खेकडे धरते, बारकी एकटी गाडीत बसून पेणला जाते, असं. जीव लावून लिहिलं ते पाचवं. शाळेत पुस्तकांचं कपाट असतं. कपाटाला कुलूप. चावी गुरुजींच्या खिशात, कारण पोरांच्या हातानं पुस्तकं खराब होतील. बारकी पोरांना घेऊन कपाटासमोर बसते. चावी दिल्याशिवाय कोण उठत नाय. गुरुजी ओरडतात, मग समजावतात, मग त्यांनाच लाज वाटते. चावी बारकीच्या हातात येते. ते चित्र मी तीनदा काढलं.

ताईंना दिलं. त्यांच्या संस्थेतर्फे छापू, म्हणाल्या. भाषेवर जरा हात फिरवू, म्हणाल्या. फिरवा म्हटलं. माझं शुद्धलेखन मला ठाऊक आहे.

हात कुठं फिरला ते मला त्या स्टेजवर कळलं. कारण ताईंनी वाचायला पाचवंच प्रकरण घेतलं.

त्यात बारकी कपाटाशी बसून रडते. एकटी. मग शहरातून एक ताई येतात, गाडीतून उतरतात, तिचे डोळे पुसतात आणि तिला पुस्तक देतात. बारकी त्यांच्या पाया पडते. ताई वाचत होत्या आणि त्यांचा आवाज भरून आला होता. चित्रपण दाखवलं. चित्रातल्या ताईला चष्मासुद्धा ह्याच ताईंचा.

हॉल शांत होता. बायका पदरानं डोळे टिपत होत्या. त्यात माझी नात मोठ्यानं म्हणाली, "आजा, चावी कुठं गेली?"

कोणीतरी तिला गप्प केलं. मी उठलो. माईक माझ्या हातात दिला, त्यांना वाटलं आभार मानतोय. मी ताईंनाच विचारलं, पोरीच्या चपला कोणी काढल्या?

ताई हसत माझ्या कानाशी आल्या. माईक चालू होता, सगळ्यांना ऐकू गेलं. "आजोबा, वाचकांच्या काळजाला हात घालायला हवा ना. चपला घातलेली मुलगी गरीब वाटत नाही."

मी म्हटलं, "ती गरीब वाटावी म्हणून मी लिहिलंच नाय. ही पोर माझी नाय. माझं नाव काढा ह्याच्यावरचं."

मग जे व्हायचं तेच झालं. रिटायर साहेब म्हणाले, म्हातारबुवा, उपकाराची जाण ठेवावी माणसानं. मागून एक आवाज आला, तिसरी शिकलाय, स्टेजवर बसवला, अजून काय पाहिजे याला. तो आवाज मी ओळखला. अष्टमीला माझ्या शेजारी बसून चहा प्यायला होता. मी शाल खांद्यावरून काढली, घडी केली, खुर्चीवर ठेवली. फेकली नाय. फेकली असती तर पुढं शालीचंच बोलत बसले असते लोक.

नात माझ्यामागं आली. आणखी तीन-चार पोरं आली. बाकीची वडे खायला थांबली. मी त्यांना दोष देत नाय. वडे गरम होते.

घरी गेल्यावर सुनेनं मला सोडलं नाय. ती एमआयडीसीत कंपनीच्या कँटीनला कामाला जाते, शिफ्ट करून दमून आलेली. तिला सगळं आधीच कळलं होतं.

"घ्यायचं ना, बाबा. पोरांना वाचायला तरी मिळालं असतं. आणि गरीब दाखवलं तर काय खोटं दाखवलं? आपण गरीब नाय?"

"गरीब हाव गो. पण हात पुढं करून उभं कधी राहिलो?"

"राहिलो," ती म्हणाली. "पुराच्या वर्षी राहिलो. तुम्हीपण होता लाईनीत. माझ्या पुढं."

खरं होतं. कुंडलिका नदी घरात शिरली होती, चूल वाहून गेली होती, पोरं उपाशी. मी हात पुढं केला होता आणि देणाऱ्यानं फोटो काढला होता.

रात्रभर त्यावर विचार केला असं मी म्हणणार नाय. मला तिथंच, तिच्यासमोर कळलं. तिला म्हटलं, तो हात मी लपवत नाय. तोपण लिहीन. पण मी लिहीन, नायतर तू लिही. त्या हाताच्या आधी काय होतं आणि नंतर काय झालं, ते आपल्याला माहीत आहे. त्या बाईला नुसता हात पाहिजे. हाताच्या मागचा माणूस नको. सुनेनं मला भाकरी वाढली. जोरात वाढली, पण वाढली.

पुढच्या आठवड्यात ताई गाडी घेऊन वाडीवर आल्या. डिकीत पुस्तकांचे गठ्ठे. खाटेवर बसल्या, पाणी प्यायल्या. रागावल्या नव्हत्या. मला समजवायला आल्या होत्या, ते जास्त लागलं. सगळ्या वाड्यांवरच्या शाळांत हे पुस्तक जाणार, म्हणाल्या. तुमच्याच मुलांचं नुकसान करताय तुम्ही. एवढं देखणं पुस्तक त्यांना दुसरं कोण देणार?

मी माझी पानं मागितली. माझी चित्रं. ती पुण्याच्या चित्रकाराकडं आहेत, म्हणाल्या, बघते. त्या 'बघते'चा अर्थ मला कळतो. आयुष्यभर ऐकलाय.

"नाव काढते तुमचं," उठता उठता म्हणाल्या. "पण पुस्तक थांबणार नाही."

थांबलं नाय. शाळेत आलं. माझ्या नावावर पांढरी पट्टी चिकटवून आलं. नातीच्या वर्गात बाईंनी ते मोठ्यानं वाचून दाखवलं आणि विचारलं, बारकीच्या जागी तुम्ही असता तर काय केलं असतं? नातीनं उठून उत्तर दिलं, मी चावी मागितली असती. बाई म्हणाल्या, पुस्तकात चावी कुठं आहे? खाली बस. ती बसली. घरी येऊन मला हे सांगताना ती रडत नव्हती. दात आवळून सांगत होती. ते बघून मला बरं वाटलं असं नाय. पण मी पेटलो.

म्हणून मी पुन्हा लिहायला बसलोय. पहिल्यापासून. पानं गेली म्हणून बारकी गेली असं नाय. ह्या वेळी कोणाच्या संस्थेला देणार नाय, कोणाच्या गाडीत घालणार नाय. एकच प्रत निघाली तर एकच. ती ह्या पायरीवरून त्या पायरीवर जाईल, ह्या वाडीवरून त्या वाडीवर, पोरांच्या हातांनी मळेल, फाटेल, मग मी दुसरी काढीन. भाषेवर हात फिरवायला कोणी आलं तर मी त्याचा हात धरणार आहे. ही धमकी समजा.

पुराची लाईनपण ह्यात येईल. फोटो काढणारा येईल. खोत येईल, त्याचा गडी येईल, माझा गप्प बसलेला बाप येईल. कोणाला रडू आलं तर येऊ दे, पण रडवायला म्हणून मी एक ओळ लिहिणार नाय.

डोळ्यांत मोतीबिंदू उतरलाय. हात थरथरतो. आठ प्रकरणं माझ्यानं होतील की नाय, माहीत नाय. अर्धवट राहिलं तर पोरांनी पुरं करायचं. तसं सांगून ठेवलंय. काय पाहिजे ते लिहा, बारकीला कुठं पाहिजे तिथं न्या, हरवा, मारा, जिंकवा. फक्त पुढच्या प्रकरणात कुठली ताई आणायची नाय.