नवा कोरा पट्टा

माझ्या नोकरीत खुनाचेही तपास झाले, पण आजही डोक्यातून जात नाही ती एका कुत्र्याच्या चाव्याची घटना. तेव्हा मी रत्नागिरीत सहायक निरीक्षक होतो.

सकाळी दहाच्या सुमारास मिरकरवाड्यातली एक मासेविक्रेती लंगडत ठाण्यात आली. पोटरीला पट्टी, हातात सरकारी दवाखान्याचा कागद. किनाऱ्याच्या रस्त्याने येताना कुत्रा चावला होता. कोणाचा, ते तिला सांगता येईना. "टोपली डोक्यावर व्हती, सायब. पाठसून आला, मी बघू कशी?"

इंजेक्शनं सुरू झाली होती, पण तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. कुत्रं चावून मेलेला एक शेजारी तिने लहानपणी पाहिला होता. कुत्रा सापडला तर दहा दिवस त्याच्यावर नजर ठेवता येईल, असं डॉक्टर म्हणाले होते. तो सापडावा, एवढंच तिचं मागणं होतं.

त्या रस्त्यालगत एक निवृत्त मुख्याध्यापक राहत. त्यांच्याकडे मोठा पाळीव कुत्रा होता. त्यांनी चौकशीला गेलेल्या हवालदारांना सांगितलं की आमचा कुत्रा पट्ट्याशिवाय फाटकाबाहेर पडत नाही, हे काम जेटीवरच्या भटक्या लाल कुत्र्याचं. गुरुजींचा शब्द म्हटल्यावर जेटीवरच्या खलाशांनी तो लगेच मानला आणि लाल कुत्र्याला होडीत घालून खाडीपलीकडे सोडायची तयारी केली. शिकलेल्या माणसाच्या बोलण्याला आपल्याकडे पुरावा लागत नाही. मी होडी थांबवली. तोच चावला असेल आणि पलीकडे गेला, तर नजर कोणावर ठेवणार?

दुपारी ठाण्यात फोन आला. बोलणाऱ्याने नाव सांगितलं नाही. गुरुजींनी कुत्र्याचा पट्टा आजच बाजारातून नेला, एवढं सांगून त्याने फोन ठेवला.

मी गुरुजींच्या घरी गेलो. त्यांनी चहा विचारला. पट्टा खुंटीला होता, कोरा करकरीत.  कुत्र्याला जरा फाटकापर्यंत फिरवून आणा, इतकंच मी म्हटलं. पट्टा लावताच कुत्र्याने बसकण मारली. ओढल्यावर तो पट्टाच चावू लागला आणि शेवटी गुरुजींच्या पायांत गुंतला. पट्ट्याची सवय असलेलं जनावर असं करत नाही.

गुरुजी ओट्यावर बसले. पत्नी गेल्यापासून घरात तेवढीच सोबत होती, सकाळी कुत्रा मोकळाच होता आणि तोच चावला, यंदाची लसही चुकली होती, कुत्र्याला नेतील या भीतीने खोटं बोललो, असं त्यांनी कबूल केलं. मला दया आली आणि रागही आला. कुत्रा मोकळा सोडू नये असा फलक किनाऱ्यावर आहे, तुम्ही तो रोज वाचत होतात ना, असं मी जरा चढ्या आवाजात विचारलं.

ते शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्हीही रोज सकाळी तिथे फिरायला येता. त्याला मोकळाच बघत होतात, थोपटतही होतात. एकदाही बोलला नाहीत."

ते खरं होतं. गुरुजींना आपण काय सांगायचं, म्हणून मी गप्प राहिलो होतो. गुन्हा दाखल झाल्यावर मी वरिष्ठांना तपास दुसऱ्या अधिकाऱ्याकडे द्यायला सांगितला आणि साक्षीदार म्हणून माझा जबाब नोंदवला. सही करताना लाज वाटली.

कुत्रा दहा दिवस ठणठणीत राहिला. अकराव्या दिवशी मासळी बाजारात जाऊन मी तिला ते सांगितलं. माझी चूकही सांगितली. सुरमईचे तुकडे करता करता ती म्हणाली, "म्हंजे तुमी तवाच बोलला असतात, तर हे धा दिवस माजे चुकले असते."

मी हो म्हणालो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत मानाच्या माणसांना टोकायची वेळ अनेकदा आली. दर वेळी जड गेलं, पण टोकलं.