कारण न सांगणारी बाई

शाळेचे गणवेश शिवणाऱ्या त्या कारखान्यात दुपारचे डबे उघडले की पहिल्या घासाबरोबर कुणीतरी टीव्ही मालिकेतल्या त्या नटीच्या नावानं बोटं मोडायचं. "काल पाहिलंत का नागिणीला? सख्ख्या दिराला घराबाहेर काढलं, आणि वर हसतेय." दुसरी म्हणायची, असली बाई समोर आली तर मी कानाखालीच वाजवीन. तिसरीला तर म्हणे रात्रभर झोप नव्हती. या सगळ्या जणी एका बाजूला, आणि कापड कापायच्या लांबलचक टेबलाशी एकटीच जेवणारी कातरबाई दुसऱ्या बाजूला.

"नागीण काय म्हणता? काम करतेय ती," कातरबाई तिथूनच बोलायची. "आणि झक्कास करतेय, म्हणून तर तुमची झोप उडालीय."

तिचं तोंड सुटायचं ते या एकाच विषयावर. एरवी तिच्याइतकी गरीब गाय त्या गल्लीत नव्हती. पन्नाशी उलटलेली, लग्न न झालेली, मालक ओरडला तरी मान खाली घालून ऐकून घेणारी. पण त्या नटीला कुणी काही बोललं की हिच्या नाकपुड्या फुलायच्या. तिला ती नावानं कधी बोलवायची नाही. नुसतं 'बाई' म्हणायची, जसं शाळेतल्या मास्तरीणबाईंना म्हणतात तसं.

बाकीच्या खलनायिकांना ती मोजायचीच नाही. डोळे वटारायचे, भुवया नाचवायच्या, मागे ढोल बडवायचे आणि कॅमेऱ्यानं तेच तोंड पुन्हापुन्हा दाखवायचं, याला काय अभिनय म्हणायचा? तो तर बाळाला बागुलबुवा दाखवण्याचा प्रकार. बाईंनी कधी आवाज चढवला नाही. एका मालिकेत त्या वसतिगृहाच्या प्रमुख होत्या. निराधार मुलीला थंडीत हाकलून देताना त्यांनी तिच्या स्वेटरचं वरचं बटण लावून दिलं होतं. दुसरीत नर्स होत्या. औषध बदललं, आणि मग म्हाताऱ्याची उशी थोपटून नीट केली. वाईट काम करताना हात असे मायेनं चालवायचे हे काही खायचं काम नाही, असं कातरबाईचं मत होतं, आणि ते बरोबरच होतं. बक्षिसं मात्र दरवर्षी त्या रडूबाई नायिकेला. डोळ्यांत थेंब घालून कुणीही रडेल.

पण कातरबाईला बाई आवडायच्या याचं खरं कारण वेगळं होतं, आणि ते तिनं डबे खाणाऱ्या मंडळींना कधी सांगितलं नाही. बाई कारण सांगत नसत. मालिकेतली चांगली सून 'नाही' म्हणायला जाते तेव्हा आधी आपली अडचण सांगते. मग घरची माणसं ती अडचण निकालात काढतात. ती दुसरी सांगते, तीही निकालात निघते. शेवटी सून 'हो' म्हणते आणि पुढचे कितीतरी भाग रडत बसते. बाई नुसतं म्हणायच्या, "मला जमणार नाही." का, म्हणून विचारलं की हातातल्या रुमालाची शांतपणे घडी घालायच्या. त्या रुमालापुढे भल्याभल्यांची बोलती बंद व्हायची.

कातरबाईनं आयुष्यभर कारणं सांगितली होती. आई अंथरुणाला खिळली तेव्हा तिनं नोकरी सोडली. भावाची मुलगी जन्मली तेव्हा पुन्हा सोडली. वडिलांचं अर्धं अंग गेलं तेव्हा पुन्हा. दर वेळी ती परत आली की तिची जागा दुसऱ्या कुणाला दिलेली असायची, आणि ही पहिल्यापासून सुरुवात करायची, नव्या पोरींच्या ओळीत बसून बटणं लावायची. घरात मात्र तिचं कौतुक उतू जायचं. "आमच्या ताईसारखी मायाळू शोधून सापडायची नाही," असं भाऊ चारचौघांत सांगायचा. हरभऱ्याच्या झाडावर चढवायचं आणि ती वर असतानाच आपली कामं उरकून घ्यायची, ही त्या घराची जुनी रीत. चांगुलपणाची पदवी लोक इतक्या सढळ हातानं का वाटतात, ते यातच आलं. द्यायला काही लागत नाही.

यंदा कापड कापणाऱ्या म्हाताऱ्या मास्तरांची नजर अधू झाली आणि मालकानं मोठी कातर हिच्या हातात दिली. तेव्हापासून ती कातरबाई. कापडाचे थर एकावर एक अंथरायचे, पुठ्ठ्याचे साचे ठेवून खडूनं आखायचं, हात फिरवून एकेक सुरकुती काढायची आणि मगच कातर घालायची. बोटभर चुकलं तर अख्ख्या वर्गाच्या बाह्या आखूड. कापण्याआधी ती क्षणभर तळहात कापडावर टेकवून उभी राहायची. त्या क्षणी तिला कुणी हाक मारलेली खपायची नाही.

आणि नेमकी आताच तिची भाची, भावाची ती मुलगी, गरोदर. सातवा महिना. भाऊ घरी येऊन म्हणाला, "ताई, सहा महिने तू आमच्याकडेच ये. तुझ्या हाताखाली पोर बिनघोर राहील."

"अरे, मला आत्ताच टेबल मिळालंय," ती म्हणाली.

"तुझ्या मालकाशी मी बोलतो."

"गुडघे दुखतात माझे. तुमचा तिसरा मजला."

"लिफ्ट आहे की. आणि तुझ्या वहिनीची कंबर तुला माहीतच आहे."

वहिनीची कंबर तिला चांगली माहीत होती. ती रोज सकाळी मैत्रिणींबरोबर तळ्याला तीन फेऱ्या मारण्याइतकी धडधाकट होती आणि केर काढताना मात्र धरायची. पण हे कातरबाई बोलली नाही. "बघते," म्हणाली. चूक झाली ती तिथेच.

शुक्रवारी मालकानं तिला बोलावलं. "तुमचे भाऊ येऊन गेले. सहा महिने नाही म्हणे येणार तुम्ही. चांगलं आहे, घरच्यांसाठी करावंच माणसानं. मी एक माणूस बघून ठेवलाय. सोमवारपासून टेबल त्याला देतो, परत आलात की बटणांना जागा होईलच." कातरबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिच्या तोंडून कसंबसं निघालं, "अजून ठरलं नाही. सोमवारी सांगते." आपल्या भावानं आपल्या माघारी आपली नोकरी सोडली होती.

त्याच संध्याकाळी बाईंनी मालिकेत पश्चात्ताप केला.

कातरबाईचा डोळ्यांवर विश्वास बसेना. बाई धाकट्या जावेच्या पायाशी बसून हमसून हमसून रडत होत्या. आणि कारणं सांगत होत्या. लहानपणी कुणी माया केली नाही, नवऱ्यानं फसवलं, मन कोरडं झालं. इतकी वर्षं ज्या बाईनं चकार शब्दानं खुलासा दिला नव्हता, तिच्या तोंडी असली रडगाणी. दुसऱ्या दिवशी कारखान्यात आनंदीआनंद. "सुधारली बाई एकदाची," सगळ्या जणी म्हणत होत्या. काजं करणाऱ्या पोरीकडून टीव्हीच्या वाहिनीचा नंबर घेऊन कातरबाईनं जन्मात पहिल्यांदा तक्रारीचा फोन लावला.

"प्रेक्षकांचीच मागणी होती, मॅडम," पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली.

"मग मी कोण?" कातरबाईनं विचारलं. "रोज बघते मी. मला कुणी विचारलं?"

त्यावर पलीकडे गाणं लागलं.

रविवारी सकाळी तोच भाग पुन्हा दाखवत होते. रागारागानं का होईना, तिनं तो पाहिला, आणि शेवटी ताडकन उठून टीव्हीजवळ गेली. सगळे बाईंना मिठ्या मारत होते. आणि मिठीच्या मागे, कोपऱ्यात, बाईंचा हात रुमालाची घडी घालत होता. शांतपणे, काठाला काठ जुळवून. लिहिणाऱ्यानं काय हवं ते लिहिलं असेल. बाईंनी आपलं म्हणणं सोडलं नव्हतं. हे सांगितलं असतं तर कारखान्यातल्या मंडळींनी तिला वेड्यात काढलं असतं, म्हणून तिनं ते सांगितलं नाही. साडी बदलून ती भावाकडे गेली.

तिथे सगळं ठरलेलंच होतं. तिची गादी आतल्या खोलीत घातलेली. स्वयंपाकघरात कुकर चढवलेला. भाची पाय वर घेऊन बसलेली. भाऊ म्हणाला, "आलीस? सामान कुठे आहे?"

कातरबाई खुर्चीवर बसली. पर्समधून रुमाल काढला, मांडीवर पसरला आणि त्यावर क्षणभर तळहात टेकवला.

"मला जमणार नाही," ती म्हणाली.

"जमणार नाही म्हणजे? का?"

तिच्या जिभेवर सगळं आलं होतं. टेबल, बटणं, गेलेली वर्षं, वहिनीची कंबर, मालकाशी परस्पर केलेली बोलणी. एक जरी बाहेर पडलं असतं, तरी भावानं ते उचलून निकालात काढलं असतं. तिनं रुमालाची घडी घातली.

"अगं ताई, कारण तरी सांगशील?"

"जमणार नाही."

"गोगलगाय आणि पोटात पाय," वहिनी म्हणाली. "त्या नागिणीच्या मालिका बघून बघून हे असं झालंय."

आत कुकरनं शिट्टी दिली. मग दुसरी दिली. त्या घरात कातरबाई आली की शिट्ट्या मोजायच्या तिनं आणि गॅस बंद करायला उठायचं तिनं. कुणी तसं ठरवलं नव्हतं, म्हणून कधी मोडलंही नव्हतं. तिसऱ्या शिट्टीला तिघांनीही तिच्याकडे पाहिलं. तिचे गुडघे सवयीनं हलले, पण तिनं पाय जमिनीवर घट्ट रोवले. चौथी शिट्टी झाली. वहिनीनं भावाकडे पाहिलं आणि कंबरेवर हात ठेवला. भाचीनं हसू दाबायला ओढणी तोंडाशी धरली.

पाचव्या शिट्टीला करपल्याचा वास बाहेर आला आणि भाऊ उठला. आतून भांडी सरकवल्याचा आवाज आला.

"ताई," त्यानं हाक मारली, "हे बटण कुठल्या बाजूला फिरवायचं?"

तिला ठाऊक होतं. तिनं रुमालाची आणखी एक घडी घातली.