लग्नाचे बोकड

मी इंग्लंडला निघालो तेव्हा दहिवडीच्या एस.टी. स्टँडवर आबा, म्हणजे माझे वडील, एवढंच म्हणाले, "जंतू बगाया येवढ्या लांब? हितं काय कमी हायत व्हय रं?" थोरल्या भावाचं लग्न नुकतंच उरकलं होतं. जेवणावळीचे बोकड आबांनी बाजारातून आधीच आणून आमच्या मेंढरांतच ठेवले होते. आमच्या माण तालुक्यात सगळेच तसं ठेवतात.

मी पोचतो न पोचतो तोच कळपात साथ शिरली. नाकं गळायची, तोंडं सडायची. निम्मी मेंढरं गेली. सांगलीकडे, वहिनीच्या माहेरच्या कळपातही तसाच आजार होता आणि तिनं तिथून आंदणाची मेंढी आणलेली. मग काय, गावाला आयतं कोलीत मिळालं: नव्या सुनेचा पायगुण! आबांनी तिला माहेरी धाडलं. भाऊ मूग गिळून बसला. फोनवर हे ऐकून मला भयंकर राग आला, पण डोक्यात एक किडाही वळवळू लागला. आजार सारखा दिसतो खरा, पण विषाणू तोच कशावरून?

आमच्या प्रयोगशाळेचं कामच ते होतं. देशोदेशीच्या आजारी जनावरांचे नमुने यायचे आणि आम्ही विषाणूच्या जनुकाचा एक तुकडा अक्षर अक्षर वाचून जपून ठेवायचो. उद्या कुठं साथ उठली, तर ती कुठून आली हे ओळखून पुढच्या गावांना आधीच सावध करता यावं म्हणून. तालुक्याच्या जनावरांच्या डॉक्टरांच्या मी मागेच लागलो. त्यांनी खटपट करून रीतसर नमुने पाठवले: आमच्या कळपाचे, वहिनीच्या माहेरचे आणि बोकड विकणाऱ्या व्यापाऱ्याच्या जनावरांचे.

जनुकाची अक्षरं फिल्मवर काळ्या रेघांनी उमटतात; त्या मी एकेक करून वाचत गेलो. परक्या देशात आपल्या मेंढरांचा रोग वाचायचा, काय हा योग! माहेरच्या कळपातला विषाणू जागोजागी वेगळा निघाला. आमचा आणि व्यापाऱ्याचा मात्र अक्षरन् अक्षर एक.

फोनवर सांगितलं, तसे आबा म्हणाले, "म्हंजी रोग मीच इकत आणला म्हण की." दुसऱ्या दिवशी सुनेला आणायला ते स्वतः गेले.

तेव्हापासून घरात वहिनीचा नियम चालतो. बाहेरून आलेलं जनावर आधी महिनाभर ओढ्यापलीकडे राहतं. आबासुद्धा तो मोडत नाहीत.

गावी राहिलेल्यांनो आणि माझ्यासारखे निघून गेलेल्यांनो, घर म्हणजे काय ते लांबून फार सोपं वाटतं. गेल्या खेपेला दारात पोचलो, तर वहिनी हसत म्हणाली, "भावजी, लय लांबनं आलायसा. तुमाला बी म्हैनाभर वड्यापल्याड बांधते!"

सगळे हसले, मीही हसलो. पण महिनाभर राहायला मला रजाच नव्हती.