दुर्गाबाईच्या कानांचं सोंग

"दुर्गाबाई बहिरी नाहीच, सोंग घेते," ही कुजबूज अंजनगाव सुर्जीतून निघाली आणि एसटीच्या आधी अकोल्याला पोचली. मला ती तिघांनी सांगितली. प्रत्येकाने आपापलं तिखट घालून.

टायफॉईडने दुर्गाबाईचे कान नेले, जीभ मात्र धार लावून परत दिली. शेतकऱ्यांनी मिळून काढलेल्या कंपनीची ती संचालक. अंजनगावच्या बायांसाठी डाळीची मशीन तिनेच भांडून मंजूर करवली. सभा अकोल्यात, ती घरूनच मोबाइलवर पाही.

आता बहिरी बाई सभा पाहून काय करणार? तर तिची भाची आकांक्षा, अमरावतीची, कॉम्प्युटरवाली. तिच्याजवळ व्हिडिओखाली बोलणं लिहून दाखवणारं एक सॉफ्टवेअर होतं. त्याला मालक नाही. देशोदेशीच्या लोकांनी मिळून लिहिलेलं, कोणीही उघडावं, सुधारावं. आकांक्षाने त्यात मराठी अक्षरं नीट बसवली आणि ती सुधारणा सगळ्यांना खुली करून टाकली. आकांक्षा सभा ऐकत टाइप करी आणि ते शब्द त्या त्या क्षणाला बांधून व्हिडिओच्या पोटातच जात. बटण दाबलं तर दिसत, नाहीतर नाही. अध्यक्ष देवीदासने ते बटण कधी दाबलंच नव्हतं. कान धडधाकट असल्यावर कोण दाबतो!

एकदा चहाच्या सुट्टीत सभागृहातले भोंगे बंद झाले, प्रक्षेपणाचा माइक चालूच राहिला. देवीदास शेजाऱ्याकडे वाकला, "मशीन माह्या जावयाच्या गावी टाकू. बहिरीले काय समजते? सही घेऊन घेऊ."

आकांक्षाने दात-ओठ खात सगळं टाइप केलं.

दुसऱ्या दिवशी दुर्गाबाई अकोल्याच्या ऑफिसात उभी. "काहून रे देवीदास, जावई तुया, अन् मशीन आमची?"

देवीदास खुर्चीतून ताडकन उठला. "मी असं बोललोच नाही! अन् इले ऐकू कसं आलं? सोंग घेते हे बाई! काढा इले संचालकपदावरून!"

त्यासाठी त्याने खास सभा बोलावली आणि आपण तसं बोललोच नाही याचा पुरावा म्हणून पडद्यावर त्या सभेचा व्हिडिओ लावला. चहाच्या सुट्टीतल्या त्या बोलण्याचा आवाज त्याने आधीच पुसून घेतला होता. ऐकणाऱ्या माणसाची अक्कल ती. आवाज गेला की बोलणं गेलं असं त्याला वाटलं.

"पाहा, आहे काही?" देवीदास म्हणाला.

दुर्गाबाई उठली, लॅपटॉपवरचं ते बटण दाबलं आणि व्हिडिओ मागे नेला. पडद्यावर देवीदासचे ओठ हलताहेत, आवाज गप्प, आणि खाली एकेक शब्द उमटतोय. जावयाच्या गावासकट.

"वाचा मोठ्यानं!" ती कडाडली. "मले ऐकू येत नाही, तुमाले तर येते ना? मंग इथंच आवाज काहून मेला, ते विचारा त्याले!"

देवीदास म्हणाला, "पोरीनं मनचं लिहिलं असन."

"मनचं लिहिलं, तं आवाज कायले पुसला बे?" मागच्या रांगेतून एक सभासद, खुशालराव, ओरडले. मग जी बोंब उठली, तीत देवीदासची खुर्ची गेली. दुर्गाबाईची राहिली. मशीन अंजनगावातच बसली.

कुजबूज मात्र अजून फिरते. परवा एकाने मलाच डोळा मारून ती सांगितली. त्याला मी चहा न पाजताच वाटेला लावलं.

दुर्गाबाईला ऐकू येत नाही. तिने ते वाचलं होतं.