सावलीत उतरवणारे नाना

बसमध्ये बिनतिकिटाचा प्रवासी सापडला की आमचे कंडक्टर नाना आधी खिडकीबाहेर बघत. साक्रीच्या पुढे डोंगराकडे जाताना उघडा माळ लागतो. तिथे ते कुणालाही उतरवत नसत. ड्रायव्हर करवादला तरी बस थांबायची ती पुढच्या फाट्यावर, झाडाखाली नाहीतर हापशाजवळ. "मानूस शे तो, पोतं नही. जठे सावली व्हई तठेच उतारसू," म्हणत नाना स्वतः दार उघडून देत. मी त्याच मार्गावरच्या शाळेत मास्तर. सोळा वर्षं त्यांच्या बसने गेलो. नाना नियमाला पक्के. माझा पास एकदा आदल्या दिवशी संपला होता, तर मलाही तिकीट घ्यायला लावलं.

ते निवृत्त झाले तेव्हा त्यांचा मुलगा विलास अमेरिकेत होता. एजंटाच्या नादी लागून कागदपत्रांशिवाय गेलेला. नानांना ते उशिरा कळलं. पैसे पाठवत होता तोवर तो गावाचा सुपुत्र. त्याने शाळेच्या खोलीला पत्रे दिले, तेव्हा पुढाऱ्यांनी भाषणात परदेशातल्या भूमिपुत्रांचे गोडवे गायले. नाना खाली मान घालून बसले होते.

मग त्या देशाने विलासला पकडून लष्करी विमानात घातलं. हातात बेड्या, पायात साखळी, दीड दिवस. घास तोंडाशी न्यायला खाली वाकावं लागे. घरी आल्यावरही तो ताटावर तसाच वाकून जेवायचा. ते बघवेना म्हणून नाना उठून ओट्यावर जाऊन बसत. गोडवे गाणारे पुढारी आता म्हणू लागले, "गेलाच कशाला मरायला?"

नानांनी मला सोबत घेऊन धुळ्याची कलेक्टर कचेरी गाठली. साहेबांना म्हणाले, "मना पोऱ्या बिनातिकीट बसना. उतारा त्याले, मनं काहीच म्हननं नही. पन हात काबर बांधात? एवढं त्या देशले इचारा."

साहेब समजुतीने बोलले. "नाना, व्यापाराची बोलणी चालू आहेत. ते मोठे. आपण हे काढलं तर आपल्याच मालावर कर वाढवतील."

"म्हंजे पोऱ्यासना हात बांधू देवाना, नि आपला माल इकाना?"

साहेबांनी चहा मागवला. नानांनी कपाला हात लावला नाही. मी प्यालो, त्याची मला आजही लाज वाटते.

अर्ज मीच लिहून दिला होता. काही महिन्यांनी माझ्या मोबाइलवर उत्तर आलं: तक्रार निकाली काढण्यात आली आहे. नानांनी ते दोनदा वाचून घेतलं आणि विचारलं, "हात काबर बांधात, ते लिखेल शे का?" नव्हतं.

गेल्या वैशाखात नाना गेले. तिरडीवर ठेवून भाऊबंद सुतळी आवळू लागले, तेव्हा परतल्यापासून चार माणसांत तोंड न उघडलेला विलास पुढे आला. "नानाना हात बांधू नका."

रस्ता खडबडीत आहे, हात लोंबतील, असं सगळ्यांनी समजावलं. तो ऐकेना. शेवटी पाय आणि कंबर तेवढी बांधली. विलास मडकं घेऊन पुढे चालला होता आणि मी स्मशानापर्यंत तिरडीच्या बाजूने, नानांचा घसरणारा हात पुन्हा पुन्हा उचलून छातीवर ठेवत.