भंगारात जाणाऱ्या गाडीचे नवे टायर

आमच्या गाडीला घरात सगळे ‘खोली’च म्हणायचे. कागदावर ती सात जणांची गाडी, पण मागची आसनं आम्ही कायमची दुमडून टाकली होती. तिथे एक गादी, दोन उशा आणि खिडक्यांना मी शिवलेले पडदे. मधे एकच सीट ठेवली होती, सासूबाईंसाठी. दर डिसेंबरात ही खोली घेऊन आम्ही सिंगापूरहून मलेशियातल्या डोंगरांवर जायचो. तिथे आई गेस्टहाउसमध्ये झोपायच्या आणि आम्ही नवरा-बायको बाहेर, गाडीत. आई फार घोरतात म्हणून. त्यांच्या मते घोरते ती मी.

गेल्या डिसेंबरात जायचं की नाही, हे टायरवर येऊन अडलं.

इथे गाडीला दहा वर्षांचा परवाना मिळतो, सीओई म्हणतात त्याला. तो संपला की पुन्हा घ्या, नाहीतर गाडी भंगारात द्या. आम्ही भंगार ठरवलं होतं. गाडीचे जेमतेम पाच महिने उरले होते आणि नवरा म्हणत होता की चारही टायर बदलायचे. तेही होते तसेच नकोत, जास्त वजन पेलणारे, जाड बाजूंचे हवेत. मी आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासून पोट भरलेली बाई. जाणाऱ्याला नवे बूट कशाला, असं मी तोंडावर म्हटलं. मुलगी तर हसायलाच लागली. ती इथेच जन्मली, इथेच शिकली, बोलतेही इथल्यासारखीच. “ऑलरेडी गोइंग टू स्क्रॅप, बाबा. व्हाय बॉदर, लाह?”

नवरा काही बोलला नाही. तो बोलत नाही तेव्हा मला जास्त राग येतो, कारण मग माझंच बोलणं मला ऐकू येतं.

त्याआधीच्या डिसेंबरात, डोंगराकडे जाताना हायवेवर आमचा मागचा टायर फुटला होता. मोठा आवाज झाला, गाडी एका बाजूला ओढली गेली, आणि नवऱ्याने ती न थांबवता, न घाबरता, हळूहळू कडेला आणली. मला तेव्हा त्याचा इतका अभिमान वाटला की मी बरेच महिने ज्याला त्याला ती गोष्ट सांगत होते. कुणाला खरचटलंही नव्हतं. पण घरी आल्यापासून त्याने गाडी काढली नाही. बुओना व्हिस्टाच्या ऑफिसला तो एमआरटीने, म्हणजे इथल्या मेट्रोने, जायला लागला. मंदिरात जायचं तर बस, यिशुनला मित्राकडे जायचं तर टॅक्सी. इंजिन बिघडू नये म्हणून मीच रविवारी गाडीला एक फेरी मारून आणायची. विचारलं की म्हणायचा, टायरचा भरवसा नाही. म्हणजे प्रश्न टायरचा नव्हताच. हा माणूस पुन्हा स्टिअरिंगला हात लावणार की नाही, हा होता. गेल्या तीस वर्षांत त्याने हौसेने केलेली गोष्ट एकच, गाडी चालवणं. ती सुटली तर हा नुसता सोफ्यावर बसून राहील, याची मला मनापासून भीती वाटत होती. तरी मी टायरवरूनच भांडत होते, कारण दुसरं काही बोलायचं कसं ते समजत नव्हतं.

टायरच्या दुकानात गेलो तर दुकानदाराने दोन्ही प्रकार दाखवले आणि विचारलं की गाडीत भरता काय. नवरा सांगू लागला. तीन माणसं, गादी, पाण्याचे कॅन, गॅसची शेगडी, कुकर, तवा, पोळपाट-लाटणं, कणकेचा डबा, भाजणीचा डबा, लोणच्याची बरणी, आणि आईंचा खलबत्ता. दुकानदाराने आम्हाला विचारलं की तिकडे खायला मिळत नाही का. मिळतं की. पावलोपावली मिळतं, आणि उत्तम मिळतं. पण डोंगरात थालीपीठ खाल्ल्याशिवाय आपण कुठे गेलो असं आमच्या घरात कुणाला वाटतच नाही, आणि दाणे मिक्सरमधून काढले की आईंना ते थालीपीठ गिळवत नाही. सिंगापूरला येताना पितळी खलबत्ता विमानातून आणणारी ती बाई. तो गाडीतून नेण्यात त्यांना काहीच विशेष वाटत नव्हतं.

निर्णय न घेता आम्ही परत आलो. नवऱ्याने बाथरूममधला वजनकाटा हॉलमध्ये आणला आणि एकेक वस्तू त्यावर ठेवायला सुरुवात केली. टायर तेच ठेवायचे तर सामान किती कमी करावं लागेल, हे त्याला बघायचं होतं. आई सोफ्यावर बसून पाहत होत्या. कुकर गेला, शेगडी गेली, त्या गप्प राहिल्या. खलबत्त्यावर आला तशा म्हणाल्या की टायरच घे. मी म्हटलं, “आई, पाच महिन्यांसाठी?”

“पाच महिने थोडे आहेत का गं? मला कुणी एवढे लिहून दिलेत?”

त्या तेव्हा चौऱ्याऐंशीच्या होत्या. त्यांचं डोंगराचं वेड आम्हाला माहीत होतं. साताऱ्याकडची बाई, या देशात बारा महिने घामाने भिजते, कधी तक्रार करत नाही. वर्षातून चार दिवस त्यांना थंडी वाजायला हवी असते, एवढंच. दुसऱ्या दिवशी मीच दुकानात फोन केला आणि जाड बाजूंचेच टायर सांगितले.

टायर बसले त्या संध्याकाळी आई लिफ्टने बहुमजली पार्किंगमध्ये आल्या. चारही टायरांना हळद-कुंकू लावलं, प्रत्येकाखाली एकेक लिंबू ठेवलं आणि मुलाला गाडी पुढे घ्यायला सांगितलं. शेजारच्या चिनी आजी पिशव्या खाली ठेवून ते बघत उभ्या राहिल्या. त्यांनी नव्या गाडीबद्दल आमचं अभिनंदन केलं. गाडी दहा वर्षांची होत आली आहे हे त्यांना सांगायचं माझ्या जिवावर आलं. नवऱ्याने गाडी दोन हात पुढे घेतली, लिंबं चिरडली, आणि तो लगेच उतरला. कित्येक महिन्यांनी तो त्या सीटवर बसला होता. मी देवाचे आभार मानले आणि पार्किंग पुसायला लागले. टायर भक्कम झाल्याचं कळल्यावर आईंनी त्याच रात्री सामानात पाट्याचा वरवंटा घुसवला होता. तो मात्र मी काढला.

निघालो तेव्हा उजाडलं होतं. मुलगी या सहलींना कधी येत नाही. आम्ही तिघेच. मलेशियाला जोडणाऱ्या दुसऱ्या पुलावरून पलीकडे जाईपर्यंत नवरा व्यवस्थित चालवत होता, फक्त एसी चालू असूनही त्याच्या शर्टाची पाठ ओली झाली होती. हायवेवरच्या पहिल्या थांब्यावर त्याने गाडी घेतली. चहा झाला. मग त्याने चारही टायर तपासले. अंगठ्याने दाबून पाहिले, हवा मोजली, पुन्हा फेरी मारली, पुन्हा मोजली. टायर ठणठणीत होते. तो दार उघडून उभा राहिला, पण आत काही बसेना.

मी काहीतरी टोचून बोलणार होते. ओठावर आलंच होतं. तेवढ्यात आईंनी मागची काच खाली केली.

“भीती वाटते ना? मग वाटू दे. ही चालवेल.”

एवढंच म्हणाल्या, तेही सहज. आमच्या लग्नाला तीस वर्षं झाली. या घरात कुणी कुणाला भीती वाटते का असं विचारलेलं मी ऐकलं नव्हतं. नवऱ्याने मान हलवली आणि किल्ली माझ्या हातात दिली. त्या क्षणी मला सासूबाईंच्या पाया पडावंसं वाटलं, आणि ते वाटणं अजून गेलेलं नाही. माझं तोंड वेळेवर बंद केल्याबद्दलही मी त्यांची ऋणी आहे.

मी परक्या हायवेवर कधी चालवलं नव्हतं. मलाही भीती वाटत होती, पण मला निदान ओरडता येतं. मी बाकीच्या गाड्यांवर भरपूर ओरडून घेतलं. नवरा डावीकडे बसून दारावरचं हँडल धरून होता. बऱ्याच वेळाने, समोर बघतच, त्याने सांगितलं. टायर फुटला त्या दिवशी त्याने आरशात पाहिलं, तर आईंची मान एका बाजूला पडलेली होती. डोळे मिटलेले. त्याला वाटलं, संपलं. गाडी कडेला येऊन थांबेपर्यंत तो आपल्या आईला मेलेली समजूनच गाडी सांभाळत होता. उतरून त्याने मागचं दार उघडलं, तेव्हा त्या जाग्या झाल्या आणि आलं का ठिकाण, असं विचारलं. मला त्या दिवशी ज्या शांतपणाचा अभिमान वाटला होता, तो हा होता.

मी ओरडणं थांबवलं आणि गाडी डावीकडच्या संथ रांगेत घेतली.

“मी झोपले होते रे,” आई मागून म्हणाल्या.

गाडी सुरू झाली की त्यांना झोप लागते, ती थेट पोचेपर्यंत. त्या दिवशी त्या झोपल्या नाहीत. रस्त्यावरच्या पाट्या मोठ्याने वाचत राहिल्या. मलय भाषेतल्या, त्यांना एक अक्षर न कळणाऱ्या. वाचून घसा बसला तेव्हा मुलाच्या लहानपणच्या आजारपणांच्या गोष्टी सांगू लागल्या. चढणीला लागल्यावर डोळे मिटायला लागले की स्वतःच्या दंडाला चिमटा घ्यायच्या. नवऱ्याने समोरची ऊन अडवणारी झडप खाली करून तिच्यावरच्या छोट्या आरशात मागे बघितलं, आणि मग हँडलवरचा हात काढून मांडीवर ठेवला.

परत येताना गाडी त्याने चालवली. आई सगळा रस्ता जाग्या होत्या.